नवे टायर घेण्याआधी जुने वाचा

टायर बदलायची वेळ आली की बहुतेक जण थेट दुकान गाठतात. मी आधी जुनं वर्तमानपत्र पसरून गाडीशेजारी बसतो आणि स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवतो, म्हणजे पुढच्या टायरची नक्षी अख्खी समोर येते. "काय हरवलंय?" असं बायकोनं दोनदा विचारून झालं की मी हात काळे करून उठतो.

जुना टायर बरंच काही सांगतो. मधला पट्टा जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन, बिघडलेलं असतं. उंचसखल चट्टे हाताला लागले तर शॉकअब्सॉर्बर तपासायला हवेत. माझ्या गाडीचे मागच्या खेपेचे टायर बाहेरून दृष्ट लागण्यासारखे दिसायचे आणि आतल्या कडेला पार टकले झाले होते. हे दुरुस्त न करता नवे बसवले असते तर त्यांचीही तीच गत झाली असती.

खाचांच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की खोली १.६ मिमी उरलेली असते. बऱ्याच देशांत कायद्याची मर्यादा हीच आहे. नव्या टायरची खोली साधारण ८ मिमी असते. मी मात्र ३ मिमीलाच बदलतो, कारण पाणी बाहेर फेकायचं काम खाचा करतात आणि उथळ खाच साचलेल्या पाण्यात लवकर हात टेकते.

आता माप. टायरच्या बाजूवर समजा २०५/५५ आर१६ ९१व्ही असं आहे. २०५ ही मिमीमधली रुंदी. बाजूची उंची त्या रुंदीच्या ५५ टक्के. रिम १६ इंची. इथपर्यंत सगळे बघतात. पुढचं ९१ मात्र कुणी बघत नाही, आणि कुटुंबाच्या गाडीत तेच महत्त्वाचं. ९१ म्हणजे एका टायरला ६१५ किलोपर्यंत भार चालतो. ९४ असेल तर ६७० किलो. पाच माणसं, भरलेली डिकी आणि टपावरचं सामान याच आकड्याच्या जिवावर चालतं. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा तो कमी घेऊ नका, टायर कितीही स्वस्तात मिळो. शेवटचं अक्षर वेगाचं: एच २१० किमीपर्यंत, व्ही २४०.

'ऑल-सीझन' या शब्दावर भाळू नका. उन्हाळी टायरचं रबर साधारण ७ अंशांखाली कडक होऊ लागतं, हिवाळी टायरचं उन्हात फार मऊ पडतं. ऑल-सीझन हा दोघांमधला समझोता. त्याच्यावरची एम आणि एस ही अक्षरं चिखल-बर्फाची आहेत, पण ती कंपनी स्वतःच छापते. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चित्र असेल तर तो टायर बर्फावरची ठरावीक चाचणी पार करून आलेला असतो. बर्फ पडत असेल तर हे चित्र असलेलाच घ्या. महिनोन् महिने बर्फच असेल तर सरळ हिवाळी टायर लावा. आणि बर्फ कधी दिसतच नसेल तर या चित्रासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही.

जास्त पैसे मोजायचेच तर ओल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी मोजा. युरोपातल्या लेबलवर ती ए (सर्वांत चांगली) ते ई अशी दिलेली असते. अमेरिकेच्या पद्धतीत टायरवरच एए, ए, बी, सी असते, पण ती श्रेणी सरळ रेषेतल्या ब्रेकची, वळणावरची नव्हे. त्याच पद्धतीतला झिजेचा आकडा, ४०० किंवा ६००, एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करायला बरा. दोन कंपन्यांमध्ये त्याच्यावर फार विसंबू नये.

दुकानात टायर हातात घेतला की तारीख शोधा. लंबगोल चौकटीतले चार आकडे: २३२४ म्हणजे २०२४ सालचा २३वा आठवडा. ते एकाच बाजूला असू शकतात, तेव्हा टायर उलटा करून बघा. बसवल्यावर तीच बाजू आत गेली तर गाडीखाली शिरावं लागतं.

चारही एकदम परवडत नसतील तर दोन घ्या, पण नवी जोडी मागे बसवा. हे मी ठेच लागून शिकलो. इंजिन पुढे, ओढ पुढे, म्हणून नवे टायरही पुढे, असा माझा सरळ हिशोब. पहिल्याच मोठ्या पावसात एका वळणावर पुढची चाकं घट्ट आणि गाडीचा मागचा भाग बाहेर निघाला. वेग कमी होता म्हणून निभावलं. मागच्या सीटवर मुलं झोपली होती, त्यांना कळलंही नाही. पुढची चाकं घसरली तर स्टिअरिंगला जाणवतं आणि पाय आपोआप सैल होतो. मागची घसरतात तेव्हा सावरायला वेळच नसतो. गाडी चारही चाकांनी ओढणारी असेल तर पुस्तिका बघा. तिथे बहुधा चारही सारखेच लागतात.

बसवताना समोर उभे राहा. बाजूवर बाण असेल तर चाक पुढे जाताना फिरतं त्याच दिशेला तो हवा. 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर. व्हॉल्व्ह नवे, बॅलन्सिंग, मग अलाइनमेंट. हवा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे, टायर थंड असताना. टायरवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो बघून भरू नका. ५०-१०० किमीनंतर नट पुन्हा आवळून घ्या. कोऱ्या रबरावर साच्याचा गुळगुळीतपणा असतो, म्हणून पहिले दोन-तीनशे किलोमीटर मी ब्रेक लवकर आणि हलकेच लावतो, मागून कुणी कितीही हॉर्न वाजवो.