कंदिलाचा शेकडा नफा

दहावीला असताना दिवाळीआधीचे पंधरा दिवस मी माहीमच्या कंदील गल्लीत मामाच्या स्टॉलवर बसायचो. हातात सुतळी, मांडीवर बीजगणिताची वही. नुसतं वर्गसमीकरण दिलं तर सोडवायचो, शाब्दिक उदाहरण आलं की पेन अडायचं.

उदाहरण असं: कंदील १४४ रुपयांना विकला. खरेदी जितक्या रुपयांची, तितकाच शेकडा नफा झाला. तर खरेदीची किंमत किती?

मी बेधडक क्ष + क्ष = १४४ मांडून ७२ काढले. मामा सातवी शिकलेला. म्हणाला, "अरे, शेकडा बहात्तर म्हणजे शंभरामागे बहात्तर. तू तर बहात्तरलाच आणलायस. मग पन्नासेक सुटतील, बहात्तर कुठून?"

बहुतेक मुलं इथेच घसरतात. शेकडा क्ष म्हणजे क्ष रुपये नव्हेत. खरेदीही क्ष, शेकडाही क्ष, म्हणून नफा क्ष²/१००. समीकरणात वर्ग येतो तो इथून.

क्ष + क्ष²/१०० = १४४. शंभराने गुणलं की क्ष² + १००क्ष = १४४००. आता अवयव शोधत घाम गाळू नका. या जातीच्या गणितात मधलं पद कायम १००क्ष असतं, त्यामुळे पूर्ण वर्ग पद्धत हातचा मळ. शंभराचे निम्मे ५०, त्याचा वर्ग २५०० दोन्हीकडे मिळवा: (क्ष + ५०)² = १६९००, म्हणजे १३० चा वर्ग. क्ष ८० किंवा −१८०. उणे किमतीला कंदील कोण देतो? ताळा: ८० वर शेकडा ८० म्हणजे ६४, एकूण १४४.

ही खोडायची सवय मला पुढे भोवली. सराव परीक्षेत तोटा आला: २४ रुपयांना विकला, शेकडा तोटा खरेदीइतकाच. क्ष − क्ष²/१०० = २४. तीच पद्धत लावली की (क्ष − ५०)² = १००, म्हणून क्ष ६० किंवा ४०. दोन मुळं आली की एक खोडायचंच, या हिशेबाने मी ६० वर काट मारली. गुण गेला. ४० वर तोटा १६, ६० वर ३६. उरतात दोन्हीकडे २४च. मामाला यात काहीच नवल वाटलं नाही. "भाऊबीज उलटली की चाळीसचा काय नि साठचा काय, एकाच भावात जातो."

आता मी शिकवणी घेतो. तोट्याचं तेच उदाहरण मुद्दाम २६ रुपयांचं करून देतो. (क्ष − ५०)² = −१०० येतं. वर्ग उणा कसा असेल? असा व्यवहारच होत नाही. २५ च्या वरची कुठलीही विक्री घेतली तरी तेच. मुलं मात्र आधी पाच मिनिटं फळ्यावर माझी चूक शोधत असतात.