जुनी हातबनावटीची गिटार: दुरुस्तीच्या घाईत होणाऱ्या या चुका टाळा

जुनी, हाताने बनवलेली गिटार घरी आली की सर्वांत आधी खटकते ती तिची ॲक्शन, म्हणजे फ्रेटपासून तारांची उंची. तारा उंच, बार कॉर्ड (एका बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा कॉर्ड) धरताना बोटं दुखतात आणि हात लगेच ट्रस रॉडकडे, म्हणजे नेकच्या (गिटारच्या मानेच्या) आतल्या धातूच्या दांड्याकडे जातो. पण ट्रस रॉडने नेकचा बाक कमी-जास्त होतो, नेक ज्या कोनात बॉडीला जोडलाय तो कोन बदलत नाही. शिवाय अनेक जुन्या गिटारींत फिरवता येणारा रॉड नसतोच. मार्टिन या अमेरिकी कंपनीच्या गिटारींत तो १९८५ मध्ये आला.

काहीही फिरवण्याआधी हवेतला ओलावा मोजा. केसमध्ये एक छोटा हायग्रोमीटर ठेवा आणि गिटार दोन-तीन आठवडे ४५ ते ५० टक्के आर्द्रतेत राहू द्या. दमट हवेत टॉप (बॉडीची समोरची फळी) फुगतो, तारा वर जातात. कोरड्या हवेत टॉप खाली बसतो, तारा फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांवर) खरखरतात आणि फ्रेटची टोकं बोटांना टोचू लागतात. यातलं बरंचसं आपोआप निवळतं. हे थांबणं टाळून केलेली दुरुस्ती ऋतू बदलला की उलटते.

त्यानंतरही ॲक्शन उंचच राहिली, तर एक लांब सरळ पट्टी फ्रेटबोर्डच्या मधोमध, फ्रेटवर टेकवून ब्रिजकडे (तारा जिथे टॉपवर अडकवतात त्या लाकडी तुकड्याकडे) न्या. नेक सरळ असताना पट्टीचं टोक ब्रिजच्या माथ्यावर आलं तर कोन ठीक आहे. ते माथ्याच्या बरंच खाली, ब्रिजच्या कडेवर अडलं, तर वर्षानुवर्षांच्या ताणाने कोन बिघडलाय. याला खरा इलाज नेक रीसेट: जोड वाफेने सोडवायचा, कोन सुधारायचा, नेक पुन्हा बसवायचा. काम खर्चिक आहे, ते जाणत्या ल्यूथियरकडूनच (गिटार बनवणाऱ्या-दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडूनच) करून घ्या. तो खर्च वाचवायला सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) घासत राहिलात तर तारांचा सॅडलवरचा दाब कमी होतो आणि आवाज मलूल पडतो. काही जण तर ब्रिजच तासून पातळ करतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण तासलेलं मूळ लाकूड परत येत नाही.

तारा निवडतानाही गिटार कशासाठी बनली होती ते आधी शोधा. १९२० च्या दशकापर्यंत कितीतरी गिटारी आतड्याच्या तारांसाठी, हलक्या ब्रेसिंगने (टॉपला आतून आधार देणाऱ्या लाकडी पट्ट्यांनी) बनत. त्यांवर स्टीलच्या तारा चढवल्या की ब्रिज उखडतो, टॉप वाकतो. आज आतड्याऐवजी वापरतात त्या नायलॉनच्या संचाचा एकूण ताण साधारण ४० किलो असतो, स्टीलच्या ०१२ च्या (सर्वांत बारीक तार ०.०१२ इंच जाडीची) संचाचा ७० किलोंच्या पुढे. खात्री नसेल तर नायलॉनच लावा. स्टीलसाठीच बनलेली असली तरी मी सुरुवात ०११ ने करेन.

एखादाच सूर झणझणतो? फ्रेटला कानस लावू नका. तारा सैल करून टॉपवर आणि पाठीवर बोटाच्या पेराने हलकेच टकटक करा. एखाद्या जागी फुटका आवाज आला तर आतली ब्रेस सुटलेली असू शकते. आरसा आणि टॉर्च घेऊन बघा, पण सुपरग्लू किंवा इपॉक्सी आत जाऊ देऊ नका. जुने कारागीर सरस (जनावरांच्या कातड्यापासून बनणारा डिंक) वापरत, तो उष्णता-ओलाव्याने सुटतो, म्हणूनच जोड पुन्हा उघडून दुरुस्त करता येतो. याच कारणाने उन्हात उभ्या गाडीत ही गिटार कधीही ठेवू नये.

फिनिशला शक्यतो हात लावू नका. चपडीचं (लाखेचं) फ्रेंच पॉलिश अल्कोहोलने विरघळतं. नायट्रोसेल्युलोज लॅकर स्टँडच्या रबराशी चिकटून डागाळतं, तिथे सुती कापड गुंडाळा. सिलिकॉनचं पॉलिश टाळा, त्यामुळे पुढे डिंक आणि लॅकर नीट धरत नाहीत. ओरखडे घालवायला सगळी गिटार नव्याने रंगवली तर तिची किंमत खूप घसरते, आणि थर जाड झाला तर आवाजही दबतो.

पिकगार्डच्या (टॉपला ओरखड्यांपासून वाचवणाऱ्या पातळ पत्र्याच्या) कडेला बारीक भेग दिसली तर ती वाढू देऊ नका. पिकगार्डचं जुनं सेल्युलॉइड (एक जुनं प्लास्टिक) आकसतं आणि खालचं लाकूड ओढतं. आणि नट (नेकच्या वरच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी), सॅडल, पिना, ट्यूनर काहीही बदललं तरी मूळ भाग नाव लिहिलेल्या पाकिटात घालून जपा. फक्त सेल्युलॉइडचे जुने भाग केसबाहेर ठेवा, ते कुजायला लागले की त्यांच्या वाफेने धातू गंजतो.