फळमाशी ओळखताना आधी पंख पाहावेत

वरूड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेलगत कारल्या-दोडक्याचे मांडव असले, तर सापळ्यात दोन्हीकडच्या फळमाश्या सापडू शकतात. म्हणून उपाय ठरवण्यापूर्वी मेलेली माशी पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगाने पाहावी. वेलवर्गीय भाज्यांवरील माशीची पाठ तांबूस-तपकिरी असते, तिच्यावर दोन्ही कडांना व मध्यभागी असे तीन पिवळे पट्टे असतात आणि पंखाच्या टोकाशी गडद डाग असून आत एक आडवा पट्टाही दिसतो. माझ्या मते हा आडवा पट्टा सर्वांत आधी शोधावा. फळबागेतील माशीची पाठ बहुधा काळी असते, पिवळे पट्टे दोनच असतात आणि पंखाच्या पुढच्या कडेला फक्त अरुंद रेघ असते. सापळ्यात गंधाचे आमिष ठेवतात; त्यांपैकी पहिलीचे नर क्यू ल्यूर या आमिषाकडे, तर दुसरीचे मिथाइल युजेनॉल या आमिषाकडे येतात. नुसत्या अळीवरून जात ठरवू नये.