मराठी वाक्यरचना : क्रियापदाचा अर्थ न पाहता होणाऱ्या या चुका टाळा

सोलापूरच्या पूर्व भागात एखाद्या मुलाने ‘तो भाकरी खाल्ला’ असं लिहिलं, की त्याला लगेच नियम सांगितला जातो: क्रियापद सकर्मक, काळ भूत, मग कर्त्याला ‘ने’ लावा. मुलाची चूक समजण्यासारखी आहे. घरी तेलुगू किंवा कन्नड असेल, तर तिथे भूतकाळातही क्रियापदाचं रूप कर्त्याप्रमाणेच बदलतं. पण सांगितलेला नियमही अर्धाच आहे.

‘ती लुगडं नेसली’ हे वाक्य घ्या. नेसणे सकर्मक, काळ भूत, लुगडं नपुंसकलिंगी. तरी ‘ती’ आणि ‘नेसली’च. तेच ‘घेणे’ आलं की ‘तिने लुगडं घेतलं’. ‘तो दूध प्यायला’, पण ‘त्याने दूध तापवलं’. पिणे, जेवणे, नेसणे, शिकणे यांत क्रियेचं फळ फिरून कर्त्याच्याच पोटात, अंगावर किंवा डोक्यात येतं. तापवण्याचं फळ दुधाला मिळतं. म्हणून सकर्मक-अकर्मक ठरवून थांबू नका, फळ कुणाला ते विचारा. ‘खाणे’ या तर्कात बसत नाही. ते पाठच करावं लागतं.

आणि तपासताना ‘मी’, ‘तू’ घेऊ नका. त्यांना ‘ने’ दिसत नाही, त्यामुळे गोंधळ वाढतो. ‘तो’, ‘ती’ घ्या.

दुसरी चूक ‘ला’ दिसला की कर्म म्हणण्याची. ‘मला शेंगाचटणी आवडते’ यात ‘मला’ म्हणजे अनुभव घेणारा. भूक लागणे, आठवणे, दिसणे ही करायची कामं नाहीत, ती होतात. ‘मी बघतो’ पण ‘मला दिसतं’, ते यामुळेच. हे तेलुगू-कन्नड घरातल्या मुलांना चटकन समजावता येतं. भूक लागली हे तेलुगूत ‘नाकु’ने सुरू होतं, कन्नडमध्ये ‘ननगे’ने, दोन्हींचा अर्थ ‘मला’. घरची भाषा इथे मदतीला येते, तिला अडचण समजू नका.

तिसरी चूक प्रत्येक क्रियापदाची जोडी शोधण्याची. तुटणे-तोडणे, फाटणे-फाडणे आहे, म्हणून सगळीकडे असेल असं नाही. मागावर ‘धागा आपोआप तुटला’ चालतं. ‘चादर आपोआप विणली’ हे वाक्य उभंच राहत नाही, कारण विणणे या अर्थातच विणकर धरलेला आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फिलमोर यांनी 1970 मध्ये इंग्रजीतल्या ‘हिट’ आणि ‘ब्रेक’बद्दल असाच फरक दाखवला: काच आपली आपण ‘ब्रेक’ होते, ‘हिट’ होत नाही. शंका आली की वाक्यात ‘आपोआप’ घालून पाहा.