हौदातला मासा गप्पीच आहे का? ओळखायचं कसं

2019 च्या ऑगस्टमधला महापूर ओसरल्यावर सांगलीत आमच्या परसातल्या हौदात बोटाच्या पेराएवढे मासे फिरताना दिसले. "गप्पी आहेत, राहू देत, डास होणार नाहीत," असं शेजारच्या काकू म्हणाल्या आणि आम्हीही तेच धरून चाललो. पुढे पाच मासे गाळणीनं काढून काचेच्या बरणीत घेतले, तर त्यातला एकही गप्पी नव्हता. नदीतल्या माशांची पिल्लं होती ती. तेव्हापासून मी वरून बघून मासा ओळखत नाही.

म्हणून आधी बरणी घ्या. तिच्यात हौदातलंच पाणी भरा. नळाच्या ताज्या पाण्यातलं क्लोरीन माशाला सोसत नाही. मासा हातात धरू नका. बरणीमागे पांढरा कागद लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा. घाबरलेल्या माशाचा रंग फिका पडतो, तो पुन्हा नीट दिसू लागतो. मग मोबाइलवर बाजूनं फोटो काढा आणि मोठा करून बघा.

सुरुवात शेपटीपासून करा. गप्पीच्या साध्या जातीची शेपटी गोलसर असते. कात्रीसारखी दुभंगलेली दिसली तर गप्पीचा विचार सोडून द्या. रोहू-कटल्याची पिल्लं आणि अंगावर निळे आडवे पट्टे असलेला झेब्रा मासा, या सगळ्यांची शेपटी दुभंगलेली असते. आमच्या पाचही माशांची तशीच होती. तोंडाशी मिशा दिसल्या तरी तो गप्पी नाही. गप्पीला मिशा नसतात आणि त्याचं तोंड वर वळलेलं असतं, कारण तो पाण्याच्या पृष्ठभागावरचं खातो. डासांच्या अळ्याही तिथेच लोंबकळतात.

शेपटी गोल आहे, पण डोकं वरून चपटं, टाळूवर चमकता ठिपका आणि पाठीवरचा पर पार शेपटीजवळ? मग तो आपल्याकडचाच, अंडी घालणारा पंचॅक्स. तोही डासांच्या अळ्या खातो, त्याला अवश्य जपा.

खरी अडचण पुढे आहे. गप्पी आणि गॅम्बुसिया (डासांच्या अळ्या खाणारा दुसरा परदेशी मासा) यांच्या माद्या इतक्या सारख्या दिसतात की जाणतेही फसतात. दोन्ही करड्या, दोन्ही पोटाळ, दोघींच्याही पोटाच्या मागच्या बाजूला काळसर डाग. इथे घाई करू नका. फोटो मोठा करून शेपटीचा पडदा बघा. गॅम्बुसियाच्या शेपटीवर आणि पाठीच्या परावर बारीक काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतात, बऱ्याचदा डोळ्याखाली एक काळपट रेघही. साध्या गप्पी मादीची शेपटी स्वच्छ, जवळजवळ पारदर्शक असते.

मादीवरून ठरत नसेल तर नर शोधा. दोन्हीकडे नर मादीपेक्षा लहान असतो आणि त्याच्या पोटाखालचा पर काडीसारखा लांबट असतो. गप्पीच्या नरावर मात्र नारिंगी, निळे, काळे ठिपके असतात. गॅम्बुसियाचा नर मादीसारखाच करडा. दुकानातले लांब झुलत्या शेपटीचे गप्पी माणसानं निवडून वाढवलेले आहेत. त्यांच्या माद्यांच्या शेपटीलाही रंग असतो, म्हणून त्यांच्यावरून हौदातला मासा ओळखायला जाऊ नका.

एवढा खटाटोप कशासाठी? गॅम्बुसिया 1928 मध्ये डासांसाठीच भारतात आणला गेला, पण तो इतर माशांचे पर कुरतडतो, त्यांची अंडी आणि बेडकांची पिल्लंही खातो. गप्पी दक्षिण अमेरिकेच्या उत्तरेकडचा आणि त्रिनिदादचा. त्याचं नाव त्रिनिदादहून नमुने पाठवणाऱ्या रॉबर्ट गप्पी यांच्यावरून पडलं. दोघेही परके, म्हणून दोघांनाही हौदातच ठेवा. हौद धुताना ते पाणी ओढ्यात किंवा कृष्णेत सोडू नका. कपड्यातून गाळून मासे वेगळे करा.

तरीही शंका राहिली तर मादी स्वतंत्र बरणीत ठेवून महिनाभर वाट पाहा. दोन्ही जाती अंडी घालत नाहीत, थेट पिल्लं देतात. गप्पी मादी नराचं वीर्य महिनोन्‌महिने साठवून ठेवते, त्यामुळे एकटी असली तरी तिला पिल्लं होऊ शकतात. बरणीत हायड्रिलासारख्या पाणवनस्पतीची एखादी काडी टाका, नाहीतर आईच पिल्लांना खाते. पिल्लं झाली तर अंडी घालणारे मासे यादीतून गेले, आणि मग पुन्हा शेपटीवरच्या ठिपक्यांकडे वळा.