शाळा बोलावताय? आधी ती किल्ली

प्राणिशास्त्र विभागाचं म्युझियम शाळांसाठी उघडणार असाल, तर आधी तारीख बघा. १८ मे हा संग्रहालय दिन खरा, पण तेव्हा शाळांना सुट्टी; आपणच आपल्या बरण्या बघत बसायचं. २ ते ८ ऑक्टोबरचा वन्यजीव सप्ताह बरा. सहामाही कधी आहे ते मुख्याध्यापकांना विचारून घ्या, म्हणजे झालं.

मग मुलींच्या स्वच्छतागृहाची किल्ली. हसू नका. गेल्या वेळी किल्ली शिपाईमामांच्या खिशात, मामा गावाला लग्नात, आणि दारात दोन तास बसमध्ये बसून आलेल्या ३२ मुली. अजगराच्या सांगाड्याकडे कोण बघतंय! बाईंनी अर्ध्या तासात बस परत फिरवली. तेव्हा किल्ली आदल्या दिवशी स्वतःच्या हातात घ्या. ‘मामा येतील की सकाळी’ यावर विसंबू नका.

बरण्यांतलं फॉर्मॅलिन, म्हणजे प्राणी टिकवायचं झोंबरं द्रावण, आठवडाभर आधी भरा, खिडक्या उघड्या ठेवा. आदल्या संध्याकाळी भरलंत तर पहिली तुकडी डोळे चोळतच बाहेर येईल. चिठ्ठीवर नुसतं शास्त्रीय नाव ‘नाजा नाजा’ असेल तर खाली ठसठशीत ‘नाग’ लिहा. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चार बरण्या एकाच फळीवर, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. शेतावरची पोरं तिथून हलत नाहीत. फुरसं बघून हमखास ‘एवढंसंच?’ म्हणतात, तिथेच बोलायला सुरुवात करा. शेकरू दारापाशी ठेवा. राज्यप्राणी आहे, मान त्याचा.

पेंढा भरलेल्या जुन्या प्राण्यांना मात्र हात लावू देऊ नका. पूर्वी कातडं टिकावं म्हणून आतून सोमल, म्हणजे आर्सेनिकचं विष, चोळायचे. पण दिवसभर ‘हात लावू नको’ ऐकवायला का मुलं बोलावली? एका टेबलावर बैलाची कवटी, सुगरणीचं रिकामं घरटं, बेसॉल्टच्या पोकळीत तयार झालेले स्फटिक ठेवा. कवटीची हलणारी दाढ कुणीतरी उपटून बघणारच. बघू दे.

पाणी, फलक, पंखे हे सांगायला नको. किल्ली मिळाली? नुसती मिळून उपयोग नाही, कुलूप उघडून बघा, नळाला पाणी आहे का तेही बघा. आणि दुसरी किल्ली करून घ्या, आजच.

तुकडी विसाची. नोंदवही, फोटो, आभार, जमेल तसं. डबे बाहेरच खायचे. आत चिवडा सांडला की कीड येते आणि मग पिसं कुरतडते.