चापामागच्या बेसाल्टचं मूळ शोधताना या चुका टाळा

शिशाच्या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंचं) गुणोत्तर जरा वर गेलं की ‘भूपट्टाबरोबर खाली गेलेला गाळ’ असं लिहून मोकळं व्हायचं! बॅक-आर्क बेसाल्टवर, म्हणजे बुडत्या भूपट्टावरच्या ज्वालामुखींच्या रांगेमागे (चापामागे) समुद्रतळ फाकताना वर आलेल्या लाव्ह्याच्या खडकावर, नव्याने काम करणाऱ्यांची ही सर्वांत महागात पडणारी चूक.

पॅसिफिकमधल्या टोंगा बेटांच्या चापामागची लाउ द्रोणी (समुद्रतळाचा खोलगट भाग) घ्या. टोंगाखाली पॅसिफिक भूपट्ट बुडतो, म्हणून तुलनेलाही पॅसिफिक महासागरी बेसाल्टच घ्यावासा वाटतो. पण द्रोणी रुंदावत गेली तसं तिच्याखाली हिंदी महासागरी धाटणीचं प्रावरण (कवचाखालचा खडकाचा जाड थर) येऊन बसलं. जुन्या कवचात पॅसिफिक ठसा, नव्यात हिंदी. या हिंदी धाटणीत शिसे-२०६/२०४ तेवढंच असूनही शिसे-२०८/२०४ जास्त असतं. पाया चुकीचा धरला तर हा फरक गाळाच्या नावावर जमा होतो. म्हणून आधी हॅफ्नियम आणि निओडिमियम यांची समस्थानिक गुणोत्तरं एकत्र मांडून मूळचं प्रावरण ठरवा. बुडत्या भूपट्टातून सुटणाऱ्या पाण्यासारख्या द्रवाबरोबर हॅफ्नियम फारसा हलत नाही.

गाळाचं प्रमाण काढतानाही शिशावर भिस्त ठेवू नका. गाळात शिसं सुमारे २० पीपीएम (दहा लाखांत २० भाग), क्षीण प्रावरणात (ज्यातून आधीच वितळलेला भाग निघून गेलाय) सुमारे ०.०२. म्हणजे एक टक्का गाळ मिसळला तरी मिश्रणातलं ९० टक्के शिसं गाळाचं! निओडिमियमच्या बाबतीत तोच हिशेब एक तृतीयांशाच्या आसपास थांबतो. शिसे आणि निओडिमियम या दोन्हींच्या मिश्रणवक्रांवर (गाळ वाढला तर गुणोत्तर कसं बदलेल ते दाखवणाऱ्या रेघांवर) गाळाची टक्केवारी जुळत नसेल, तर शिशाचा काही वाटा द्रवाने आणला का ते बेरियम/थोरियम गुणोत्तरावर तपासा.

स्ट्रॉन्शियमचं गुणोत्तर जास्त आणि निओडिमियमचं मात्र जागच्या जागी, असं दिसलं तर पहिला संशय समुद्राच्या पाण्यावर घ्या. पाण्याचं स्ट्रॉन्शियम-८७/८६ गुणोत्तर ०.७०९२, बेसाल्टचं ०.७०३ च्या आसपास. आणि पाण्यात निओडिमियम जवळजवळ नसतोच. ताजी काच (लाव्हा पाण्यात झटकन थिजून झालेली) मिळाली तर सूक्ष्मदर्शकाखाली एकेक कण निवडा. नाही मिळाली तर भुकटी ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात गरम करून धुवा. मूलद्रव्यांचं प्रमाण मात्र न धुतलेल्या भुकटीवरच मोजा. हे विसरणारे दरवर्षी भेटतात.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची एक खास खोड म्हणजे दख्खनच्या बेसाल्टची सवय. तिथल्या बुशे नावाच्या लाव्हाथरांत स्ट्रॉन्शियम गुणोत्तर ०.७१३ च्या वर दिसतं ते खंडीय कवच मिसळल्यामुळे. आंबेनळी थरांत ती भेसळ सर्वांत कमी. लाउच्या मध्य भागाखाली भेसळ करायला खंडच नाही, तरी निष्कर्षात ‘कवचाची भेसळ’ हमखास डोकावते. तसंच, अंदमानातल्या बॅरन बेटाचे नमुने बॅक-आर्क म्हणून मांडू नका. तो चापावरचा ज्वालामुखी. अंदमान समुद्रातलं प्रसरण केंद्र (जिथे समुद्रतळ फाकतो) त्याच्या पूर्वेकडे आहे.

शेवटचं हेलियमबद्दल. हेलियम-३/४ गुणोत्तर मध्य-महासागरी बेसाल्टमध्ये हवेतल्याच्या साधारण ८ पट असतं. लाउच्या वायव्येला रोशाम्बो भागात ते २० पटींच्याही वर जातं. बुडत्या भूपट्टातून एवढं हेलियम-३ येत नाही, ते सामोआ बेटांखालून वर येणाऱ्या प्रावरणाच्या खोल प्रवाहाकडे बोट दाखवतं. तेव्हा उत्तरेचे आणि मध्य लाउचे नमुने एकाच मिश्रणवक्रावर बसवू नका.